पाठीची माती

चूक झाली ती हात धरण्याची.

बोळिंजच्या जत्रेतल्या कुस्त्या बघायला आम्ही तिघं गेलो होतो. आमचे हे, मी आणि तळमजल्यावरची फ्लॉसी. नव्याण्णव सालचा चैत्र, दुपारचे चार. यांचं नाव चंद्रहास, वय अठ्ठेचाळीस. गोदामात दिवसभर उभ्यानं काम. डाव्या गुडघ्याला पट्टा. आठच दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, हा गुडघा आता एकदा जरी मुरगळला तरी ऑपरेशन, आणि मग उभ्याचं काम विसरा. बसून करायचं काम यांना कुणी देणार नव्हतं.

तर हे पहिल्या रांगेत बसून पेंगत होते. आखाड्यात संग्राम नावाचा विशीतला पैलवान जोड शोधत फिरत होता. आमच्या साताऱ्याकडची रीत इथेही आहे. पैलवान हात पुढे करून कडेकडेनं फिरतो, जो कुणी तो हात धरेल त्यानं लढायचं. तो हात यांच्या नाकासमोरून गेला आणि यांनी डोळे उघडायच्या आधीच तो धरला.

हलगी कडाडली. हे जागे झाले ते उभ्यानंच.

"अहो, सोडा तो हात," मी म्हटलं.

"धरलाय आता."

पंच होते वाडीवाले जगन्नाथभाऊ. भला माणूस. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "चंद्रहासराव, चुकून झालं म्हणा. मी सोडवतो."

"भाऊ, हात काय चुकून धरतात?"

झालं. शर्ट, घड्याळ, चष्मा एकेक करून माझ्या हातात आलं. शेवटी गुडघ्याचा पट्टा, घडी घालून, कुणाला दिसू नये असा. "पिशवीत टाक," म्हणाले. आमच्या लग्नाआधीच यांची तालीम सुटलेली. त्यामुळे उसन्या लंगोटातला नवरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, तोही चार-पाचशे लोकांबरोबर.

दोघांनी माती उचलली, एकमेकांच्या खांद्याला लावली आणि माना धरल्या.

"किती मिनिटांची असते गो?" फ्लॉसीनं विचारलं.

"मिनिटं गादीवरच्या कुस्तीला. ही मातीवरची. हिला वेळ नसतो."

"मग पॉइंट?"

"तेही नाहीत. दोन्ही खांदे मातीला टेकले की संपलं. नाही टेकले तर चालू."

"येशू! आमचा फादरसुद्धा तासाभरात सोडतो."

पाव तास गेला. डोक्याला डोकं लावून दोघं नुसते उभे. कामावरून आल्यावर दारात चप्पल काढताना हे अगदी असेच उभे राहतात, फक्त तेव्हा भिंतीला टेकून. संग्राम तीनदा पायाला झोंबला आणि तीनही वेळा उजव्याच. लोक ओरडत होते, "डावा घे, डावा! लंगडतोय तो!" पण डाव्याला त्यानं हात लावला नाही. पट्टा मी पिशवीत लपवला होता, गुडघ्यावरचे त्याचे वळ कुठे लपवणार? पोरानं ते पाहिले होते.

आणि ते यांच्याही लक्षात आलं. बसमध्ये कुणी उठून जागा दिली की होतो, तसा यांचा चेहरा झाला.

जगन्नाथभाऊंनी दोघांना धरून थांबवलं. "बरोबरीत सोडवू?"

संग्रामनं लगेच मान डोलावली. मी कडेलाच कपडे घेऊन उभी होते. मनातल्या मनात म्हटलं, हो म्हणा, एकदाच माझं ऐका.

"नको," हे म्हणाले. मग भाऊंच्या कानाशी, पण मला ऐकू आलं, "माझ्याशी बरोबरी झाली म्हटल्यावर उद्या याला जोड कोण देईल?"

पुन्हा माना धरल्या. पोरानं कंबरेला मिठी घालून जेमतेम ओढलं असेल, तेवढ्यात हे खाली गेले. आधी उजवा खांदा. मग हाताचा आधार घेऊन सावकाश डावा. बावीस वर्षं मी यांना खाटेवर असंच आडवं होताना पाहत आलेय. गुडघ्याला हिसका बसू नये म्हणून.

लोक नाचले, संग्रामला खांद्यावर घेतलं. खाली उतरून तो यांच्या पाया पडला. यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे पट्टा मागितला.

तीन जिने हे स्वतःच्या पायांनी चढले, प्रत्येक मजल्यावर थांबत. मोरीत स्टुलावर बसवून मी यांच्या पाठीवर पाणी ओतलं.

"तालमीत होतो तेव्हा पाठीला कधी माती लागू दिली नव्हती," हे म्हणाले.

"हं."

"डाव चांगला होता पोराचा. सापडलोच मी."

"बघितलं की मी. काय आपटलं हो त्यानं!"

"उद्या डबा लवकर दे. पहिली पाळी आहे."

माती पहिल्या तांब्यातच निघून गेली होती. रगडलेली नव्हतीच, नुसती चिकटलेली. तरी मी आणखी दोन तांबे ओतले आणि दगड घेऊन बराच वेळ पाठ घासत राहिले.