पोटमाळ्यावरची पोती

तेजस्वी राऊत पहिल्यांदा डॉमनिक तुस्कानोंच्या दुकानात गेली तेव्हा त्यांनी तिला विमान विकायला साफ नकार दिला.

त्याला आता चार वर्षं झाली. तेजस्वी वालीवच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करायची आणि आईवडिलांबरोबर निर्मळला राहायची. एका रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर तिने एका माणसाला रिमोटचं विमान उडवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तडक पापडी गाठली. डॉमनिकचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची ओटी होती. दोन कपाटं, एक लांब टेबल, छताला टांगलेली विमानं आणि साठीचे डॉमनिक, चष्मा कपाळावर चढवून सोल्डरिंग करत बसलेले.

"आधी कधी उडवलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी कपाटातून एक साधं फोमचं ग्लायडर काढलं. त्याला ना मोटर, ना रिमोट. "हे महिनाभर हाताने फेक. वारा कुठून येतो, विमान कुठे बसतं ते बघ. मग ये."

"पण मला रिमोटचंच हवंय. मी पैसे घेऊन आलेय."

"पैसे घेऊन सगळेच येतात, बाय."

ती चिडून घरी गेली होती. पण महिनाभर तिने ते ग्लायडर फेकलं, आणि पाचव्या आठवड्यात डॉमनिक तिच्याबरोबर राजोडीला आले. तेव्हापासून ती त्यांना अंकल म्हणू लागली. त्यांनी तिला विमान जुळवायला शिकवलं, पडलेलं दुरुस्त करायला शिकवलं. बॅटरीच्या बाबतीत मात्र ते फार कडक होते. चार्जिंगला लावलेली बॅटरी सोडून खोलीबाहेर गेलेलं त्यांना चालायचं नाही. जरा फुगलेली बॅटरी दिसली की ते ती काढून घ्यायचे, तिच्यावर लाल मार्करने मोठी फुली मारायचे, खाली तारीख टाकायचे आणि अंगणातल्या वाळूच्या पिंपात ठेवायचे. "ही गेली," म्हणायचे. बस्स.

गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ लागला. दुकान आठवड्यातून तीनच दिवस उघडं असायचं आणि माल संपला की लवकर भरला जायचा नाही. तेजस्वीला मोटरवाल्या मोठ्या ग्लायडरसाठी बॅटरी हवी होती. अंकल म्हणाले, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले. मग ती नालासोपाऱ्याला दीपेशकडे गेली.

दीपेशचं दुकान पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. पाच मजली इमारतीच्या तळमजल्यावर काचेची कपाटं, पांढरे दिवे, रिमोटच्या गाड्या, बोटी, ड्रोन. दीपेश तिशीतला, हसतमुख. पहिल्याच भेटीत त्याने तिला विमानाचे दोन पंखे फुकट दिले. एकदा तिच्या विमानातला रिसीव्हर ऐन रविवारी बंद पडला, तर त्याने घरून येऊन दुकान उघडलं आणि तासभर बसून तो चालू करून दिला. "ताई, आपण धंदेवाले नंतर, आधी हॉबीवाले," तो म्हणाला. तिला खरंच वाटलं की इतका चांगला दुकानदार आपल्याला आधीच मिळायला हवा होता. बॅटरीही त्याच्याकडे स्वस्त होत्या. तिने दोन घेतल्या.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. दुकानाच्या मागच्या बाजूला पोटमाळा होता. वर जायला लोखंडी शिडी आणि वर पत्र्याचं दार. दार नेहमी बंद असायचं, पण आतून पंख्यांची घरघर ऐकू यायची. आणि दुकानात एक गोडसर वास असायचा, नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखा.

"हा वास कसला?" तिने एकदा विचारलं.

"वर गाड्यांच्या बॉडीला पेंट मारतो ना," दीपेश म्हणाला.

नेमक्या त्या पोटमाळ्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, शिकवणीचा वर्ग होता. दुपारी चार वाजता मुलं जिन्यावरून दणदण चढत जायची. तेजस्वी बिल होईपर्यंत त्यांचा आवाज ऐकत उभी राहायची.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ती राजोडीला होती. ग्लायडर सुरूच्या झाडांपलीकडे चांगलं उंच गेलं आणि अचानक मोटर बंद पडली. तिने ते कसंबसं ओल्या वाळूवर उतरवलं. झाकण काढलं तर आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. हात लावून बघितला, चटका बसला. तिने काठीने ती बाहेर ढकलली, वाळूवर टाकली आणि लांब जाऊन बसली.

अर्ध्या तासाने बॅटरी थंड झाली. फुगल्यामुळे वरचं निळं प्लास्टिकचं वेष्टन शिवणीवर फाटलं होतं. त्याच्या आत अजून एक वेष्टन दिसत होतं. जुनं, पिवळं. रोज आठ तास कारखान्यात खोटे आणि सदोष भाग शोधणाऱ्या तेजस्वीला यात काहीतरी गडबड आहे हे लगेच कळलं. तिने नखाने निळं वेष्टन सोललं.

आत लाल फुली होती. खाली तारीख. गेल्या मार्चमधली.

ते अक्षर ती ओळखत होती.

ती तडक पापडीला गेली. डॉमनिक अंकलनी बॅटरी हातात घेतली, चष्मा लावला, काढला, परत लावला.

"माझीच आहे," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे मीच बाद केलेली."

"मग दीपेशकडे कशी गेली?"

"आधी मी आठवडा आठवडा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचो. पूर्ण मेली की मगच टाकायचो. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली, ते टब उचलणं होईना. तेव्हा तो हरेश भंगारवाला म्हणाला, वालीवला एक कंपनी आहे, ती रीतसर नष्ट करते. मी त्याला देत गेलो." ते थांबले. "मी विचारलं पण नाही कुठली कंपनी."

"किती दिल्या असतील?"

"पोत्यांनी दिल्या, बाय. वसई-विरारमधले सगळे हॉबीवाले आपल्या मेलेल्या बॅटऱ्या माझ्याकडेच आणून टाकायचे. मीच सांगितलं होतं तसं."

तेजस्वीला तो पोटमाळा आठवला. पंख्यांची घरघर आठवली. तिने वासाबद्दल आणि वरच्या शिकवणीबद्दल सांगितलं तेव्हा अंकल एकदम उभे राहिले.

"गोड वास? नेलपॉलिशसारखा?"

"हो."

"रंग नाही तो. बॅटरी आतून गळायला लागली की तो वास येतो. तो दीपेश वर बसून मेलेल्या बॅटऱ्या चार्ज करून बघतोय. ज्या धरतात त्यांना नवं वेष्टन. चल."

रिक्षातून जाताना ते नुसते गुडघ्यावर हात घासत होते.

रविवार असूनही दुकान उघडं होतं. दीपेशने दोघांना पाहून खुर्च्या पुढे केल्या. "अरे, अंकल! तुमच्यामुळे तर आम्ही हॉबीत आलो. चहा सांगू?"

तेजस्वीने बॅटरी काउंटरवर ठेवली, फुली वर करून. दीपेशने ती पाहिली आणि त्याचं हसू जरासुद्धा हललं नाही.

"ताई, माल घाऊकवाल्याकडून येतो. मी पण फसलोय. दुसरी देतो ना तुम्हाला, घ्या."

"मला दुसरी नको. पोटमाळ्याचं दार उघड."

"त्याची चावी इमारतीच्या मालकाकडे असते."

"पंखे चालू आहेत," डॉमनिक म्हणाले. वास आता तेजस्वीला आधीपेक्षा जास्त उग्र वाटत होता. "चार्जर चालू आहेत वर. पोरा, मी हात जोडतो. आत्ताच्या आत्ता बंद कर. सगळी पोती वाळूत घाल, मी मदत करतो. एक जरी पेटली तरी बाकीच्या थांबणार नाहीत. पाण्याने विझत नाही ती आग पटकन. आणि वर लहान मुलं बसतात."

"काही होत नाही अंकल. वर्षभर चाललंय." बोलून गेल्यावर दीपेशच्या लक्षात आलं की आपण कबूल केलं. मग तो काउंटरवर पुढे झुकला आणि आवाज अगदी मऊ करून तेजस्वीला म्हणाला, "ताई, तुम्ही रविवारी सकाळी राजोडीला एकट्याच असता ना? फार लवकर जाता. त्या बाजूला कुणी नसतं. जपून."

याच माणसाने रविवारी तिच्यासाठी दुकान उघडलं होतं. तिने बॅटरी उचलली आणि अंकलना घेऊन बाहेर पडली.

बाहेर आल्यावर तिने अग्निशमन दलाला फोन केला, पत्ता सांगितला. पलीकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, तपासणीला माणूस पाठवतो म्हणाला. कधी, ते मात्र त्याला सांगता येईना. डॉमनिक तोवर जिन्यापाशी जाऊन उभे होते, वर बघत.

"आपण वर जाऊ," ते म्हणाले.

शिकवणी सीमा टीचर घ्यायच्या. रविवारची सुट्टी असूनही त्या वह्या तपासत बसल्या होत्या. चाळिशीच्या, साध्या, आवाज बसलेला. त्यांनी दोघांचं सगळं ऐकून घेतलं. तेजस्वीला वाटलं होतं की त्या चिडतील, नाहीतर हसतील. त्या उठल्या आणि खोलीच्या कोपऱ्यातली सतरंजी बाजूला केली.

"इथे हात लावा."

फरशी कोमट होती.

"दिवाळीपासून अशी आहे," त्या म्हणाल्या. "मुलं थंडीत इथे बसायला भांडतात. डोकं दुखतं म्हणून चार जणांनी येणं सोडलं. मी दोनदा दीपेशला विचारलं. तो म्हणाला, खाली फ्रिज आहे." त्या सतरंजीकडे बघत राहिल्या. "एकच जिना आहे आम्हाला. तो पण त्याच्या दुकानावरून खाली उतरतो. खिडक्यांना गज."

"वर्ग बंद ठेवा," तेजस्वी म्हणाली. "तपासणी होईपर्यंत तरी."

"परीक्षा तोंडावर आल्यात. पालक काय म्हणतील?" पण बोलता बोलताच त्यांनी फोन हातात घेतला आणि एकेका पालकाला कळवायला सुरुवात केली. नंतर त्या वरच्या मजल्यांवरही गेल्या आणि प्रत्येक दार वाजवून सांगून आल्या.

सोमवारी काही झालं नाही. दीपेशने टीचरना बोलावून बदनामीची केस करीन म्हणून दम दिला. मंगळवारी पाच-सहा पालकांनी फोन करून वर्ग कधी चालू होणार विचारलं. एक जण तर ओरडलाच. टीचरनी तेजस्वीला विचारलं, "उद्यापासून चालू करू का हो? अजून कोणी तपासायला आलेलं नाही. मला लोकांना उत्तर देता येत नाही."

"अजून दोन दिवस थांबा," तेजस्वी म्हणाली. ती स्वतः अर्धा दिवस रजा टाकून अग्निशमन केंद्रात गेली, लेखी अर्ज दिला, फुलीची बॅटरी दाखवली. तिथल्या अधिकाऱ्याने ती हातात घेऊन पाहिली आणि गुरुवारी सकाळी स्वतः येतो म्हणाला.

बुधवारी दुपारी सव्वाचारला कारखान्यात तिचा फोन वाजला. सीमा टीचरचं नाव होतं. पलीकडून शब्द येईनात. नुसता आवाज येत होता. फटाक्यांच्या माळेसारखा, पण जाडसर, आणि मधूनच सापाच्या फुत्कारासारखा. मग टीचर म्हणाल्या, "माझ्या खिडकीतून ज्वाळा येतायत. मी समोरच्या फुटपाथवर आहे. तेजस्वी, मी आजपासूनच वर्ग चालू करणार होते. पंचवीस मुलं असती आत्ता."

वरचे लोक गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले. टीचरनी दारं वाजवली होती म्हणून ते आधीच सावध होते. कुणी मेलं नाही. दीपेश चहा प्यायला बाहेर गेला होता. परत येऊन तो काही बॅटऱ्या वाचवायला आत घुसला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून बाहेर आला. अग्निशमन दलाचे जवान आत शिरायचे, आग दबायची, पुन्हा फुत्कार व्हायचा आणि पुन्हा पेटायची. ती पूर्ण विझायला रात्र झाली. वर्गाची फरशी मधोमध खचून खाली गेली होती.

डॉमनिकनी आगीचे फोटो पाहिले आणि मग दुकान उघडलंच नाही. पोलीस चौकीत जाऊन त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं. हरेशचं नाव, पोती, सगळं. हरेश सापडला नाही. दीपेश इस्पितळात होता आणि शॉर्ट सर्किट झालं एवढंच सांगत होता.

शनिवारी तेजस्वी पापडीला गेली. अंकल अंगणात वाळूच्या पिंपाजवळ स्टूल टाकून बसले होते. दाढी वाढलेली.

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत," ती म्हणाली.

"मुद्दाम नाही. पण दिल्या मीच ना?" ते म्हणाले. "आणि त्या पोटमाळ्यावरच्या जळल्या. विकलेल्या कुठे आहेत?"

तिने याचा विचारच केला नव्हता. वर्षभर दीपेशने स्वस्त बॅटऱ्या विकल्या होत्या. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या दप्तरात. तिच्या स्वतःच्या घरी दुसरी होती, आईच्या शिवणयंत्राच्या खणात. ती तशीच उठून निर्मळला गेली आणि बादलीत वाळू घालून ती बॅटरी घेऊन आली. नंतर तिने हॉबीवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला. निळं वेष्टन दिसलं तर चार्ज करू नका, पापडीला आणून द्या.

रविवारी सकाळपासून लोक येऊ लागले. विरारहून एक बँकेतला माणूस, अर्नाळ्याहून रिमोटची बोट चालवणारा एक कोळी, कॉलेजातल्या दोन मुली. प्रत्येकाची बॅटरी अंकल दोन्ही हातांनी घ्यायचे, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि मिठाच्या पाण्यात सोडायचे. पाठ दुखत असूनही टब त्यांनी स्वतःच भरला होता. दुपारपर्यंत सत्तेचाळीस झाल्या. पाण्यातून बारीक बुडबुडे वर येत होते.

दोनच्या सुमाराला एक बाई रिक्षातून उतरल्या. नालासोपाऱ्याहून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बॅटऱ्या काढल्या. दोन्ही फुगलेल्या.

"मुलगा रिमोटची गाडी खेळायचा," त्या म्हणाल्या. "आता हॉस्टेलला असतो. आम्ही तीन घेतल्या होत्या."

"तिसरी?" डॉमनिकनी विचारलं.

"घर सगळं शोधलं, नाही सापडली." बाईंनी टॉवेलाची घडी घातली. "असेल घरातच कुठेतरी."

डॉमनिकनी हात पुसले आणि तेजस्वीकडे पाहिलं. तिने वाळूची बादली उचलली आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.