दुसरा कॉम्प्युटर कोणाचा?

मित्रांनो, मी कॉम्प्युटर आहे, जुना आहे आणि स्वभावाने संशयी आहे. पुण्याच्या एका कचेरीने मला मोडीत काढलं, तेव्हापासून कोणी मायेने पुसलं तरी वाटतं, आता विकणार.

जुन्नरच्या बाजारपेठेत रमणलाल शेठचं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्यांच्या मुलाने, संयमने, माझ्यात लिनक्स ही फुकटातली प्रणाली घातली आणि मला पुन्हा कामाला जुंपलं. मला चालवायची डिंगोरे गावची आशा. दाखले, सातबारे, पीकविमा, सगळं माझ्या ब्राउझरमधून. "हे मशीन लई गुणाचं," ती गिऱ्हाइकांना सांगायची. चार वर्षांत संशय घ्यावा असं तिच्यात काही सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं.

एके दिवशी संयमने माझं नाव बदललं. आधी मी ‘पीसी-१’ होतो, आजीच्या नावावरून ‘कस्तुर’ झालो. ब्राउझर तेव्हा उघडाच होता. हा ब्राउझर उघडला की कॉम्प्युटरच्या नावाने आत एक कुलूप लावतो आणि बंद होताना काढतो. त्या संध्याकाळी त्याला ते काढायला वेळच मिळाला नाही. शेठ सूर्य मावळल्यावर अन्नपाणी घेत नाहीत. उशीर झालेला बघून त्यांनी चालू दुकानाचा मेन स्विच पाडला आणि घर गाठलं.

सकाळी ब्राउझर काही उघडेना. पडद्यावर आलं, ‘पीसी-१ या दुसऱ्या कॉम्प्युटरवर हा ब्राउझर चालू आहे.’ शेठनी ते तीनदा वाचलं.

"आशा, हा पीसी-वन कुणाचा?"

"मला न्हाई म्हाईत, शेठ."

"तुझ्या भावानं, गोरक्षनं, मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर घेतलाय ना? फॉर्मच भरणार ना तो?"

"घेतलाय. पन त्यो अजून खोक्यातच हाये."

शेठना ते पटलं नाही. गिऱ्हाइकांची सगळी माहिती हिने भावाकडे पोचवली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. "दुकानाची किल्ली ठेव इथं. उद्यापासून येऊ नको." आशाने किल्ली टेबलावर ठेवली. चार वर्षांची नोकरी चालली होती, आणि वर चोरीचा आळ. खरं सांगतो, जुनं नाव मी पार विसरलो होतो. मलाही गोरक्षचाच संशय आला. त्याची आज लाज वाटते.

ती पिशवी भरत होती, तेवढ्यात संयम आला. त्याने आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडून दोन ओळी टाइप केल्या आणि कपाळाला हात लावला.

"पप्पा, पीसी-वन म्हणजे हाच. काल मीच नाव बदललं. जुन्या नावाचं कुलूप आत राहिलंय, म्हणून ब्राउझरला ते दुसरं मशीन वाटलं. चालू मशीनचा स्विच कुणी पाडला?"

शेठ खाली बघत म्हणाले, "मी. जेवायला उशीर होत होता."

संयमने ते कुलूप पुसलं. ब्राउझर उघडला. शेठनी किल्ली आशापुढे सरकवली. "घे बाई. चुकलं माझं."

आशाने किल्लीला हात लावला नाही. "कामाला येईन मी, शेठ. पन किल्ली तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा काय बिघडलं तर परत माझ्याच अंगावर यायचं."

आता ती रोज शेठ येईपर्यंत बंद दुकानाच्या पायरीवर बसते. शेठ मला नीट बंद करूनच घरी जातात, पण मला ‘गुणाचं’ म्हणणं तिने सोडून दिलं आहे.

मित्रांनो, चालू यंत्राचा स्विच पाडू नका. आणि पडद्यावर आलं म्हणून माणसावर आळ घेऊ नका. त्या सकाळी पडद्यावर जे आलं ते मीच लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं.