सोळा पावलांची न्हाणी

साखराबाईच्या न्हाणीला फूटभर जागा कमी पडत होती, आणि ती फूटभर जागा धाकट्या दिराच्या, सुंदररावच्या अंगणात होती. आता साठी गाठलेल्या बाईनं लुगड्याच्या आडोशाला किती दिवस अंग धुवावं? गवंडी मुंजाजी टेप घेऊन आलता, पण टेपाला विचारतो कोण! सासरा मरताना सांगून गेलता, "लिंबापासून सोळा पावलं थोरल्याची, त्याच्याच पायानं मोजून. पुढं धाकट्याचं." बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

नेमका त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या, थोरल्या हरिबाच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. साखराबाईनं हळद भरून चिंधी बांधली, आणि बांधता बांधता तिच्या डोक्यात आलं. एका पावलाला एक बोट वाढलं, तर सोळा पावलांना फूटभर होतंय की! तिनं आणखी चिंधी गुंडाळली. देवा, माफ कर, डाव्या पायालाबी गुंडाळली.

"अगं, ह्याला काय झालंय?" हरिबानं विचारलं.

"गप बसा. उद्या त्यालाबी काटा लागंल."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत हरिबानं लिंबापासून टाचेला अंगठा भिडवत पावलं टाकली. सोळावं पाऊल बरोब्बर तिला हवं तिथं पडलं.

"दादा," सुंदरराव म्हणाला, "काटा एका पायात, अन् चिंध्या दोन्हीला कावून?"

हरिबाला जन्मात खोटं बोलता आलं नव्हतं. तो तिथंच बसला, चिंध्या सोडून टाकल्या आणि लंगडत परत लिंबापाशी गेला. तिसऱ्या पावलाला "आई गं!" झालं. सहाव्याला अंगठ्यातून रक्त आलं. साखराबाई पुढं धावली.

"मसणात जाऊ द्या ती न्हाणी! बसा खाली."

"बापाचा शब्द हाय."

नवव्या पावलाला सुंदररावनंच त्याला धरून खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि बायकोला, सुंदरबाईला, सुई आणायला सांगितली. काटा निघाला, चांगला नखाएवढा.

"किती झाली पावलं?" हरिबानं विचारलं.

"सोळा झाली," सुंदरराव म्हणाला. "मुंजाजी, त्या चिंध्या पडल्यात ना, तिथं भिंत धर."

मेल्याहून मेल्यासारखं झालं साखराबाईला. पदरानं नाक पुसत ती मुंजाजीवरच खेकसली.

"बघत काय बसलास? दारं दोन ठेव न्हाणीला. आमच्या सुंदरबाईनं काय जन्मभर आडोशालाच न्हायचं?"