माझी हद्द त्रेसष्ट

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. घोटावड्यातल्या एका विजेच्या सायकलीच्या सीटखाली बसवलेला, तळहाताएवढा डबा. बॅटरीतली वीज मोजूनमापून मोटरला देणे हे माझे काम. बहिरूअण्णांनी मला स्वतः बसवले, माझ्या तारांना काळी चिकटपट्टी गुंडाळली. चढ संपला की ते सीटखाली हात घालून मला चाचपत आणि विचारत, "तापलास व्हय रं?"

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. सायकल गोठ्यात उभी राहिली, बॅटरी कायमची बसली आणि माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली.

काल त्यांच्या मुलीने, गौतमीने, सायकल अंगणात काढली. तिला ती पुन्हा चालवायची होती, बाकी काही नको होते. तिचा चुलतभाऊ कैलास कुठल्याशा स्कूटरची बॅटरी घेऊन आला.

"ताई, साठ व्होल्टची हाय. लई पळंल."

"अण्णांची अठ्ठेचाळीसची होती ना रे?"

"मग? पेंड जादा घातली म्हणून बैल रुसतो व्हय?"

"पोट फुगून मरतो."

"तू आपली पुस्तकं वाच!"

तरी तिने माझे झाकण उघडायला लावले. ते स्क्रू अण्णांनी आवळलेले होते. पहिला स्क्रू फिरला तेव्हा तिने मान वळवली.

माझ्या पोटात कपॅसिटर नावाचे एक नळकांडे आहे. ते जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसू शकते, तो त्यावर छापलेला आकडा कैलासने वाचला. "त्रेसष्ट! साठ त्याच्या आतच की."

मी भीतीने गोठलो. साठ हे त्या बॅटरीचे नुसते नाव. पूर्ण भरली की ती त्याच्या पुष्कळ वर चढते, आणि कैलासने तर ती काठोकाठ भरून आणली होती. त्याच्या हातातला प्लग जवळ येत होता. गौतमीचा चेहरा माझ्यावर वाकलेला होता. नळकांडे फुटले असते तर आधी तिच्या डोळ्यांत उडाले असते. मला ओरडायचे होते. मला तोंड नाही.

"थांब," ती म्हणाली. "आधी मीटर लाव."

"भित्री हायेस!"

"व्हय, हाय. लाव."

त्याने बॅटरीला मीटर लावला. सदुसष्ट.

कैलासने प्लग हळूच लांब ठेवला. हात शर्टाला पुसत म्हणाला, "अठ्ठेचाळीसचीच आणतो."

 गौतमी माझ्या तारांवरची चिकटपट्टी अंगठ्याने दाबत राहिली.

मित्रांनो, जोडण्याआधी मोजा. आकडा छापलेला असला तरी मोजा. कोणी भित्रे म्हणाले तरी मोजा. आम्हाला आधी सांगता येत नाही. आमचा पहिला आवाज हा स्फोटाचाच असतो.