सोललेलं वजन

थोरल्या सुनेनं लावा पक्ष्यांच्या शेडमध्ये हाडाची काडं केली, आणि आता सासरे म्हणत होते की कारभार धाकट्याकडे द्यायचा. का? तर तो मुलगा! धाकटा म्हणजे तिचा दीर, नोकरी सुटून घरी आलेला आणि आल्या दिवसापासून हुकूम सोडणारा. नवरा जहाजावर. त्याचा फोन लागला तर नशीब.

"मग होऊनच जाऊ दे," ती म्हणाली. "हॉटेलचा आचारी आज पक्षी बघायला येतोय. मी आणि भाऊजी मोजून सारखेच पक्षी काढतो. ज्याचे पक्षी आचाऱ्याला पटतील, त्याच्या हाती शेड."

सासरे लगेच तयार झाले.

दिरानं पिंजऱ्यातले सगळ्यात गुबगुबीत पक्षी उचलले. तिनं नर काढले, अंगानं लहान पण छातीला भरलेले.

"भाऊजी, त्या अंड्यावर आलेल्या माद्या आहेत. ठेवा परत."

"घाबरलात होय वहिनी?" तो खिदळला. "तुमचे काय उपाशी ठेवले होते?"

काट्यावर दिराचे पक्षी चांगलेच जड भरले. सासऱ्यांचा चेहरा खुलला. पण मागे हटेल ती कसली? आचाऱ्याला म्हणाली, "तुम्ही काय पिसं शिजवता? सोलून तोला."

आचाऱ्यानं सुरी चालवली. दिराच्या एकेका पक्ष्यातून पिवळ्या बलकांचे घोस निघाले, टणक कवचाची अंडीसुद्धा निघाली. सगळं बादलीत गेलं. पुन्हा तोललं तर दोघांचं मांस सारखंच भरलं.

"जिवंत वजनाचे पैसे मोजून एवढं बादलीत टाकू?" आचारी म्हणाला. "मला बाईंचे नर द्या."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "बरं, शेड तूच बघ. पण नाव धाकट्याचं राहू दे. लोक काय म्हणतील?"

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. या माद्यांच्या अंड्यांतून पुढचे पक्षी निघायचे होते! तिनं बादली उचलली आणि दिराच्या हातात कोंबली.

"नाव यांचं? मग हेही यांचंच. टांगा फाटकावर, लोकांना विचारू दे हे कुणी केलं ते!"

तिनं शेडची किल्ली कमरेला खोचली आणि उरलेल्या माद्यांना दाणा टाकायला निघून गेली.