पाण्याच्या गावातलं स्थळ

पाथरकोंडला पाऊस असा, की आषाढात वाळत घातलेली चादर गणपतीत सुकते. खाली धरण तुडुंब. आणि होळी झाली की गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही पोरीबाळी दोन हंडे भरेपर्यंत. ग्रामपंचायतीनं 'पाणी जपून वापरा, अंगण व गाड्या धुऊ नका' असा फलक लावलाय. पावसाळ्यात त्यावर एवढं शेवाळ धरतं, की उन्हाळ्यात तो धुतल्याशिवाय वाचता येत नाही. धुवायला पाणी नसतं, म्हणून कुणी वाचत नाही.

शालूबाईंचा जयराज फौजेत. सुट्टी संपत आली होती आणि लग्न ठरत नव्हतं. कराडकडची स्थळं आली, चहा प्याली, दारातली पिंपं बघून गेली ती गेलीच. आता जत तालुक्यातली शिवांजली पसंत पडली होती. मुलीकडच्यांनी घर बघायचं तेवढं राहिलं होतं. दुष्काळी भागातली माणसं, पाणी बघून भुलतील, असा शालूबाईंचा हिशोब. हिशोबात चूक नव्हती, फक्त पाणी नव्हतं.

ते त्यांनी उभं केलं. पिंपं गोठ्यात पेंढ्याखाली लपवली. पाणी सोडणाऱ्याला कोंबडीचं जेवण घातलं आणि पाळी नसताना आळीचा नळ सोडायचं कबूल करून घेतलं. मग लेकाला बजावलं, "पाणी आलं तरी जाग्यावरनं हलायचं न्हाई. चोवीस तास असतंय असं तोंड ठेव."

मुलीचे वडील नाथाजी आणि आत्या हरणाबाई आले. पाय धुवायला काठोकाठ बादली ठेवलेली. नाथाजींनी तांब्याभर पाण्यात दोन्ही पाय उरकले आणि उरलेल्या बादलीवर ताट झाकून ती सावलीला सरकवली. शालूबाईंना वाटलं, भुलले.

पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि अंगणात नळ गुरगुरला. "सुटलं गं, सुटलं!" आळीत एकच पळापळ. हंडे, कळशा, शिव्या. जयराज गोळीबारातही एवढा ताठ बसला नसेल. पण शेजारच्या मनुबाईंनी येऊन शालूबाईंच्याच नळाला आपली नळी लावली, तसा त्याचा धीर सुटला.

"आवं काकी, नळ आमचा हाय!"

बशी होणाऱ्या सासऱ्याच्या हातात देऊन तो गोठ्यात धावला आणि पेंढ्यासकट पिंपं गडगडवत बाहेर आला. शालूबाई क्षणभर हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिल्या, मग त्यांनीही पदर खोचला. हरणाबाई बशी ठेवून उठल्या आणि नळी धरून उभ्या राहिल्या. "आरं, ह्ये पिंप गळतंय. दुसरं आण!"

नळ गेला. सगळे ओलेचिंब.

"किती दिसानं येतंय?" नाथाजींनी विचारलं. दोन बशा अजून त्यांच्या हातात होत्या.

"चौथ्या," शालूबाई म्हणाल्या. आता लपवायला पेंढाही उरला नव्हता.

"टँकर?"

"मागितला की. सायेब म्हणलं, तुमच्याकडं लोकं धबधबं बघाय येत्यात, आन् तुमाला टँकर?"

नाथाजी चुकचुकले. "मग अवघड हाय. आमचा दुष्काळ सरकारमान्य हाय, बाई. टँकर येतोय, डायवर वळखीचा हाय. तुमचा दुष्काळ म्हंजी सगळा खाजगी."

"म्हंजी न्हाईच म्हणताय?" शालूबाईंनी विचारलं.

"त्यो काय म्हणतोय? मी सांगते," हरणाबाई म्हणाल्या. "सासऱ्याच्या हातात बशी देऊन पिंप भराय पळणारा जावई दुसरा घावायचा न्हाई. होळी ते मिरग पोरगी आमच्याकडं ऱ्हाईल. ह्यो सुट्टीला तिकडंच ईल."

नाथाजींनी मान डोलावली. जयराजची आधीच डोलत होती.

शालूबाईंनी मनातल्या मनात बेरीज मांडली. सून माहेरी, लेक सासुरवाडीला, आणि इथं नळावर मनुबाईंशी भांडायला त्या एकट्या. त्यांनी ओला पदर पिळला, त्याचं पाणी सवयीनं कळशीतच पाडलं.

"आवं व्याही," त्या म्हणाल्या, "तुमच्या टँकरात आनी एका माणसाचं निघंल का?"

नाथाजींनी बहिणीकडं बघितलं.

"निघंल की," हरणाबाई म्हणाल्या. "पर विहीणबाईंनी हंडं आपलं आणायचं."