मायूमीचा तंबू

आमच्या राज्याची सीमा उघडणार हे कळलं तेव्हा मी अंड्याचं सँडविच खात होते, आणि ते तसंच हातात धरून मी अंगणात पळाले. माझा नवरा नेव्हिल कॅरॅव्हॅनखाली आडवा पडून काहीतरी खुडबुड करत होता. नुसते पाय बाहेर.

"तीन मार्च!" मी ओरडले. "पक्कं!"

"मागच्या वेळीही पक्कंच होतं," पाय म्हणाले.

खोटं नव्हतं ते. फेब्रुवारीत उघडणार म्हणून आम्ही जानेवारीतच सामान भरून बसलो होतो, आणि मग ऐन वेळी सरकारनं सांगितलं की नाही, अजून थांबा. त्या दिवशी मी टीव्हीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोविडच्या भीतीनं दोन वर्षं आमचं पश्चिम ऑस्ट्रेलिया मुरंब्याच्या बरणीसारखं घट्ट झाकण लावून बसलं होतं. आत आम्ही मजेत होतो, उगाच रडगाणं कशाला गाऊ. बाकीचं जग घरात कोंडलेलं असताना आम्ही पर्थच्या समुद्रात पोहत होतो. पण माझी मुलगी ब्रॉन्विन झाकणाच्या बाहेर राहिली, ॲडलेडला. तिला तिकडे मुलगा झाला, रूफस. त्याला दात आले, तो चालायला लागला, आणि मी हे सगळं फोनच्या काचेवर पाहिलं. एकदा त्यानं काचेवरच्या माझ्या तोंडाला बिस्किट भरवलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला त्याला एकदा जवळ घ्यायचं होतं. बाकी काही नको होतं.

नेव्हिलच्या कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्याला विमान बंद केलंय. म्हणजे गाडीनंच जायचं, नलारबोरचं ते कधी न संपणारं माळरान पार करून. वाटेतल्या मोटेलांत एक खोली शिल्लक नव्हती, कारण अख्खं राज्यच त्या आठवड्यात निघालं होतं. पण आमची खोली आमच्या मागे चाकांवर येणार होती. नेव्हिल त्या कॅरॅव्हॅनला राणीसाहेब म्हणतो. माझ्याशी आजवर कधी इतक्या आदरानं बोललेला नाही.

शेजारी रोवेना राहते. मूळची फिलिपिन्सची, मोठ्या इस्पितळात नर्स. नवरा उत्तरेकडे लोखंडाच्या खाणीवर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी, आमच्या गल्लीतल्या निम्म्या नवऱ्यांसारखा. घरात तिची सासू आणि सहा वर्षांची मायूमी. मायूमी सातव्या महिन्यात जन्मली, आणि तिची छाती इतकी नाजूक की साध्या सर्दीनं तिला ॲडमिट करावं लागतं. रोवेना मला टीटा म्हणते. त्यांच्यात मावशीला टीटा म्हणतात. साथ सुरू झाली तेव्हा मी एका जुन्या चादरीवर निळ्या रंगानं 'आमच्या नर्सेसचे मनापासून आभार' असं रंगवून ती दोन्ही घरांमधल्या कुंपणावर टांगली होती. उन्हानं ती विटली होती, तरी वाचता येत होतं.

सीमा उघडायच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी रोवेना त्याच चादरीखाली, हिरवळीवर तंबू उभा करताना दिसली. वाढदिवसाला मायूमीला घेतलेला पिवळाजर्द तंबू, अजून एकदाही न वापरलेला.

"काय गं, घरच्या घरी सहल वाटतं?" मी कुंपणावरून विचारलं.

"माझी खोली आहे ही, टीटा." तिच्या हातात खुंटी होती आणि ती उलटी धरली होती. "माझी ड्यूटी आता कोविड वॉर्डात. सीमा उघडली की पेशंट येणारच. मी घरात झोपले आणि मायूमीला काही झालं तर..."

"अगं, इस्पितळ खोली देत नाही?"

"देतंय. पण तिथून ही दिसत नाही ना."

खिडकीतून मायूमी ओरडली, "आई, तंबू वाकडा झालाय!"

खरंच वाकडा झाला होता. मी मात्र तिथेच उभी राहिले. उघडण्याचे दिवस मी बोटांवर मोजत होते, पण उघडल्यावर आत काय येणार, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. हिनं केला होता.

वाकडा तंबू नेव्हिलला बघवत नाही. तो दोऱ्या ताणून द्यायला गेला आणि परत येऊन मुकाट्यानं बुटाच्या नाड्या सोडत बसला.

"बोलू नकोस," मी म्हणाले.

"मी कुठे बोललो?"

"बोलणार आहेस. चेहऱ्यावर दिसतंय."

"रात्रपाळी करून येणार ती," तो बुटांकडे बघत म्हणाला. "आणि भर दुपारी त्या तंबूत झोपणार. भाजून निघेल गं, ग्लेनिस."

"मग घ्यावी की इस्पितळाची खोली!"

"तिथून पोरगी दिसत नाही."

"मला तरी माझा नातू कुठे दिसतोय?"

नेव्हिलनं दुसरा बूट काढला. मग म्हणाला, "ती चादर काढून ठेवू का? उगाच फडफडतेय."

मी त्याला हातातलं फडकं फेकून मारलं. मला भयंकर राग आला होता, आणि तो नेव्हिलचा नव्हता, रोवेनाचा होता. एवढं मोठं पर्थ पडलंय, तर हिनं माझ्याच शेजारी का राहावं? माझ्याच डोळ्यांसमोर तंबू का ठोकावा? चार दिवस उशिरा ठोकला असता तर मी निघून गेले असते. असलं सगळं मी बटाटे सोलता सोलता मनात बोलले, आणि निम्मा बटाटा सालाबरोबर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवेना पहिली रात्रपाळी करून आली. मी आमच्या स्वयंपाकघरातून पाहत होते. ती मायूमीच्या खिडकीपाशी गेली. आतून मायूमीनं काचेवर पंजा ठेवला, बाहेरून हिनं. दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या. मायूमी नाश्त्याला गेली. मग रोवेनानं खिशातून बाटली काढली, आणि आपला पंजा जिथे टेकला होता ती काच फवारून पुसली. बाहेरची बाजू होती हो ती! तरीही पुसली, दोनदा.

मला ते बिस्किट आठवलं.

नेव्हिल नकाशा पसरून बसला होता. मी म्हणाले, "राणीसाहेबांमधून माझे डबे बाहेर काढ."

त्यानं वर पाहिलं. "आणि रूफस?"

"जायचंय तर. तंबू आता कुणाला लागणार आहे?"

"आपण? तंबूत?" तो हसायलाच लागला. "तुझे गुडघे आणि माझी कंबर घेऊन?"

"आडवं व्हायला तू मला मदत कर. उठायचं काय ते सकाळी बघू."

रोवेना ऐकेना. "नाही टीटा, तुमचा एवढा लांबचा प्रवास..."

"गप गं. एसी आहे, धड गादी आहे. फक्त तो संडास जरा जपून वापर, नेव्हिलचा त्यात जीव आहे."

यावर ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला तिला जवळ घेता येईना, वॉर्डातून आली होती ना. मी नुसती बावळटासारखी हात पसरून उभी राहिले. नेव्हिलनं राणीसाहेब नेऊन बरोबर मायूमीच्या खिडकीखाली लावल्या. चाकांखाली फळ्या सरकवत तो त्यांना इतका वेळ समपातळीत आणत बसला की मला वाटलं सीमा परत बंद होईल.

तंबू गुंडाळताना मायूमीनं आतून काच वाजवली. "तो मला परत हवाय! आई घरात आली की पहिल्यांदा आम्ही दोघी त्यात झोपणार आहोत."

"पहिल्यांदा तर आता आम्हीच झोपणार," नेव्हिल म्हणाला.

ती विचारात पडली. "तुम्ही म्हातारे आहात. तुमचं धरायचं नाही."

मी काचेला करंगळी लावून कबूल केलं.

नलारबोरवर पहिल्या मुक्कामाला तंबू उभा केला, तेव्हा कुठे तळाच्या कापडावरचं चित्र दिसलं. जाड पेननं काढलेली दोन तोंडं, शेजारी शेजारी. एक लहान, दोन वेण्यांचं. एक मोठं, मास्क घातलेलं. कुणी कुठे झोपायचं ते मायूमीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. नेव्हिलनं एक सतरंजी या कडेला घातली, दुसरी त्या कडेला, आणि मधली दोन तोंडं मोकळी ठेवली. सकाळी त्याच्या गालावर तंबूच्या शिवणीचा वळ होता, आणि मला उठवायला शेजारच्या ट्रकवाल्याला बोलवावं लागलं.

ॲडलेडला पोचलो. ब्रॉन्विन माझ्या गळ्यात पडली, आणि रूफस मला बघून किंचाळला. फोनमधली आजी त्याला चालत होती. खरी फारच मोठी निघाली. मी हात पुढे केला की तो आईच्या पायामागे लपायचा. ब्रॉन्विनचं घर एका खोलीचं, म्हणून तंबू मागच्या अंगणात उभा केला होता. तीन दिवस झाले तरी रूफस माझ्याजवळ येईना, तेव्हा चौथ्या दिवशी मी तंबूत जाऊन फतकल मारून बसले. एवढं सगळं केलं, राणीसाहेब दिल्या, कंबर मोडून घेतली, ते याच्यासाठी? लहान मुलासारखी रुसले होते मी, झालं.

तेवढ्यात तंबूचं दार हललं. आधी एक हात आला, त्यात बिस्किट. मग रूफस रांगत आत आला, त्या पिवळ्या उजेडाकडे बघत राहिला, आणि अगदी स्वतःच्या जागेवर बसावं तसा माझ्याशेजारी बसला. माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग चघळून ओलं झालेलं ते बिस्किट त्यानं माझ्या तोंडात घातलं आणि मला टेकला. किती ऊबदार होता! मी हलले नाही. श्वासही जपून घेत होते.

आणि फोन वाजला. रोवेना. राणीसाहेबांच्या पायरीवर बसली होती, नाकावर मास्कचे लाल वळ.

"टीटा, आला का जवळ?"

ती आपल्या पोरीला हात लावू शकत नव्हती, आणि मी हे सुख तिला काय दाखवू? "येईल गं," मी म्हणाले, आणि फोन जरा बाजूला धरला.

"अहो, दिसतायत केस त्याचे! दाखवा ना. वॉर्डात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मग दाखवला. ती बघत राहिली, हसत राहिली. नंतर उठून तिनं फोन खिडकीच्या काचेला लावला. काचेपलीकडे मायूमीचं नाक चपटं झालेलं दिसलं.

"तो माझ्यावर बसलाय," मायूमी म्हणाली.

खरंच, वेण्यांच्या तोंडावर रूफसनं बरोबर बैठक मारली होती.

"उठवू का त्याला?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "नको. लहान आहे, बसू दे. पण आईच्या जागेवर कुणी बसायचं नाही."

मी खाली पाहिलं. माझ्या स्कर्टखालून मास्कचं एक टोक दिसत होतं. रूफसला न हलवता, गुडघे कुरकुरत असताना, मी हळूच बाजूला सरकले आणि ती जागा मोकळी केली.